सहाची जागा रिकामी

आमच्या यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एक कंडम कंटेनर पडलाय. कुठल्याशा अपघातात त्याचं छप्पर आत गेलं, मालकाने हात वर केले आणि तो तिथेच राहिला. कंटेनरच्या बाजू नागमोडी असतात, त्यांच्यावर खडूने सरळ ओळ येत नाही. दरवाजे मात्र सपाट. या कंटेनरचे दरवाजे निळे आहेत आणि खडू त्यांच्यावर झकास उठतो. माझं बारावीचं गणित त्या दोन दरवाजांवर झालं.

मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात चेकर आहे. आलेल्या बॉक्सचा, म्हणजे कंटेनरचा, नंबर बघायचा, सील बघायचं, कुठे चेपलंय का ते बघून खडूने खूण करायची आणि त्याला जागा द्यायची: अमुक ब्लॉक, अमुक ओळ, अमुक थर. मग रीच स्टॅकर नावाचं अजस्र मशीन तो बॉक्स उचलून तिथे नेऊन ठेवतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं माझं गाव सोडून मला इथे नऊ वर्षं झाली. गावाला जायचं तर जाण्यायेण्यातच तीन दिवस मोडतात, म्हणून वर्षातून एकदाच जातो.

मी शिक्षण का सोडलं, असं कुणी विचारलं की मी 'घरची परिस्थिती' म्हणायचो. लोक मान हलवतात, पुढे विचारत नाहीत. खोटं नव्हतं, पण खरं कारण तेवढंच नव्हतं. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात जायला लागून दोन महिने झाले होते. सरांनी फळ्यावर x चा वर्ग लिहिला आणि मला उभं करून विचारलं, "याची रेंज सांग." मला डोमेन आणि रेंज यातलं कुठलं डावीकडचं आणि कुठलं उजवीकडचं हेही आठवेना. मी म्हटलं, "सगळी." सर म्हणाले, "सगळी म्हणजे? मोबाईलची रेंज आहे का?" अख्खा वर्ग हसला. त्याच महिन्यात गावातली दोन पोरं न्हावा शेवाच्या बाजूला कामाला निघाली. मी त्यांच्याबरोबर निघालो. गरिबीने मला कॉलेजातून काढलं असतं, पण अजून वर्षभराने. मी आधीच पळालो.

तर गोष्ट अशी की यार्डाच्या प्लॅनिंगमध्ये एक जागा होणार होती. प्लॅनिंग म्हणजे आत एसीत, स्क्रीनसमोर बसून कुठला बॉक्स कुठे जाईल ते ठरवायचं. मॅनेजर साहेब मला म्हणाले होते, "काम तुला येतं. पण बारावी पाहिजे, वरून नियम आहे." मी बाहेरून बारावीला बसलो. बाकीचे विषय निघाले. गणितात चौदा.

ती मार्कशीट झेरॉक्स करायला मी गेटच्या डॉक्युमेंटेशन ऑफिसात गेलो आणि आपांच्या तावडीत सापडलो.

आपांना अख्खं यार्ड आपा म्हणतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आता जुईनगरला राहतात. गेटमधून जाणारा एकही कागद त्यांच्या सहीशिवाय हलत नाही. त्यांनी झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं, मार्कशीट पाहिली आणि न विचारता वाचली.

"गणित चौदा?"

मी मार्कशीट परत घ्यायला हात पुढे केला.

"मी गणितात बी.एस्सी. आहे, माहितीये तुला?"

"नाही आपा."

"कुणालाच माहीत नाही. तीस वर्षं झाली, कुणी विचारलंच नाही." त्यांनी मार्कशीट माझ्या हातात दिली. "उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत यायचं. एक गणित. ते सुटल्याशिवाय डबा उघडायचा नाही."

"माझा?"

"दोघांचाही. आणि मला शुगर आहे, वेळेवर जेवावं लागतं. लक्षात ठेव."

या बाईंना काही झालं तर ते माझ्या डोक्यावर येणार, या भीतीने त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मुळात माझा स्वभावच तसा. सील तीनदा तपासतो, दाराची कडी लावून परत येऊन बघतो. पण खरं सांगतो, त्या धमकीइतकी उत्तम शिकवणी मला दुसरी मिळाली नसती.

पहिल्याच दिवशी आपांनी निळ्या दरवाजावर तीन चित्रं काढली. डावीकडे काही आकडे, उजवीकडे काही आकडे, मध्ये बाण. पहिल्या चित्रात प्रत्येक आकड्याचा बाण वेगळ्या आकड्याकडे. दुसऱ्यात डावीकडचे दोन आकडे उजवीकडच्या एकाच आकड्याकडे. तिसऱ्यात डावीकडच्या एकाच आकड्याला दोन बाण फुटलेले, दोन वेगळ्या आकड्यांकडे.

"यातली फंक्शन कुठली?"

"पहिलं. फक्त पहिलं."

"दुसरं का नाही?"

"एका जागी दोन बसलेत."

"मग काय झालं?"

"काय झालं काय, आपा? वरचा खालच्याला फोडेल."

आपा हसल्या. "अरे, हे आकडे आहेत. यांना वजन नसतं." नियम त्यांनी सरळ सांगितला: डावीकडच्या प्रत्येकाला उत्तर मिळालं पाहिजे आणि एकच मिळालं पाहिजे, उजवीकडच्या एकाकडे किती जण आले याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

मी तो नियम दहा वेळा लिहून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी x चा वर्ग विचारला. दोनचाही वर्ग चार, उणे दोनचाही चार. मी लिहिलं: फंक्शन नाही. तिसऱ्या दिवशीही तेच; दोन्ही दिवस सुट्टी संपता संपता आपांनीच उत्तर सांगितलं, तेव्हा कुठे डबे उघडले. नियम तोंडपाठ, पण हातच तयार होत नव्हता. आमच्या धंद्यात एक जागा दोन बॉक्सना देणं याहून मोठं पाप नाही. मी नवीन असताना एकदा ते केलं होतं. स्टॅकरचा ऑपरेटर बॉक्स हवेत धरून उभा, खाली बघतो तर जागा भरलेली. त्याने मशीनमधून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून 'एका जागी दोन' असं कुठे दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. कागदावर दिसलं तरी येतो.

चौथ्या दिवशी आपांनी सरळ डबा उघडला. "शुगर तुझ्यासाठी थांबत नाही," म्हणाल्या आणि मला त्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी देऊन म्हणाल्या, "हे कच्चं राहिलं ना, तर पुढचं सगळं कच्चं. बारावीचं अख्खं गणित याच पायावर उभं आहे. खा."

मी खाल्लं. मनात म्हटलं, झालं, हे आपल्या नशिबात नाहीच.

दोन आठवडे असे गेले. मग एके दिवशी सकाळी गेटवर एक ट्रेलर अडकला.

गेटवर आमचे सुपरवायझर असतात. ते इथलेच, जवळच्या गावचे. ज्या जमिनीवर यार्ड आहे तिथे त्यांच्या वडलांची भातशेती होती, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. ट्रेलरचे कागद बघून त्यांनी मला हाक मारली.

"आरं, इकरं ये. ह्यो बग काय घेऊन आलाय."

एक बॉक्स, आणि कागदांवर दोन जहाजांची नावं. एका पानावर एक, दुसऱ्यावर दुसरं. बुकिंग बदललं असणार आणि जुना कागद कुणी काढला नसणार.

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "भाई, दोनों में से किसी में भी डाल दो ना. सुबह से लाइन में हूँ."

"किसी में भी?" दादा उखडले. "कापून देऊ काय तुजा बॉक्स? आर्धा ह्या जहाजात, आर्धा त्या?"

"परत पाठवा दादा," मी म्हटलं. "एका बॉक्सला दोन जहाजं कशी चालतील?"

"त्येच सांगतोय मी त्याला!" दादांनी मागच्या रांगेकडे हात केला. एकामागे एक ट्रेलर उभे होते. "ह्ये बग, ह्ये पस्तीस बॉक्स एकाच जहाजावर चाललेत. कोनाची काय तक्रार हाय? नाय. आनि ह्यो एकटा, नि ह्याला दोन जहाजं पायजेत. लय लाड!"

मी त्या रांगेकडे बघत राहिलो. पस्तीस बॉक्स, जहाज एक. चालतं. रोज चालतं. नऊ वर्षं मी स्वतःच्या हाताने पाठवतोय. एक बॉक्स, जहाजं दोन. चालत नाही.

मला वाटलं होतं फंक्शन म्हणजे बॉक्स आणि त्याची जागा. पण बॉक्स आणि त्याचं जहाज, हेही फंक्शनच की! जागेचा हट्ट माझा होता, गणिताचा नव्हताच.

"काय झाला रं? भूत बगितलास काय?"

मी ट्रेलरच्या चाकाशेजारी काँक्रीटवर उकिडवा बसलो आणि खडूने दोन चित्रं काढली. अनेक बाण एकाकडे: बरोबर. एकाचे दोन बाण: चूक. मग ऑफिसकडे धावलो. सकाळचे साडेदहा वाजले होते, जेवणाच्या सुट्टीला वेळ होता. आपांच्या टेबलावरचा एक रद्द गेट पास उलटा करून तेच पुन्हा काढलं. बाजूला लिहिलं: x चा वर्ग हे फंक्शन आहे.

आपांनी चष्मा वर केला. "कुणी शिकवलं?"

"दादांनी."

"त्यांनी?"

"त्यांना माहीत नाही."

आपा खिडकीशी गेल्या आणि गेटकडे तोंड करून ओरडल्या, "अहो दादा! तुम्ही आज याला फंक्शन शिकवलंत!"

"मी काय नाय केला!" दादा तिथूनच हात झटकून ओरडले. "मना काय म्हाईत नाय! माजं नाव नका घेऊ!"

त्या दिवसापासून कुलूप उघडल्यासारखं झालं. डोमेन, म्हणजे कुठले आकडे आत घालता येतात ते ठरवणं, हे तर मला माझंच काम वाटायला लागलं. आपा विचारायच्या, "गेटवर उभा राहा. कुणाला आत सोडणार नाहीस?" भागाकारात खाली शून्य येत असेल तर तो आकडा परत. वर्गमुळाच्या आत उणे येत असेल तर तो आकडा परत. बाकी सगळे आत. मी जागा देता देता, ट्रेलरची वाट बघता बघता, रद्द गेट पासच्या पाठी भरत गेलो. एका दिवसात वीस, पंचवीस. दादा विचारायचे, "आज कितींना परत धाडलास?" मी म्हणायचो, "सात जणांना." ते म्हणायचे, "झ्याक. सोडू नको कोनाला."

रेंजने मात्र छळलं. डोमेनमध्ये आकडा समोर उभा असतो, त्याला तपासता येतं. रेंज म्हणजे आत जाऊन झाल्यावर खरोखर कुठल्या जागा भरल्या ते सांगायचं. यादीत जागा हजार असतील, पण भरल्या किती? एकदा x चा वर्ग अधिक दोन होतं. आपा म्हणाल्या, "उलटं विचार. समज मी एकच्या जागेवर जाऊन उभी राहिले. माझ्याकडे कोण येईल?" मी हिशोब केला. वर्ग अधिक दोन बरोबर एक, म्हणजे वर्ग उणे एक. "कोणीच नाही येणार, आपा." "दोनच्या जागेवर?" "शून्य येईल." "दहाच्या?" "दोघं येतील." दोघं येतील, असं मी बिनधास्त म्हणालो आणि पोटात गोळा आला नाही. खालच्या सगळ्या जागा कायम रिकाम्या. दोनपासून वर सगळं भरलेलं.

त्या दिवशी आपा गेल्यावर मी निळ्या दरवाजासमोर एकटा उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "x चा वर्ग. रेंज: शून्य आणि शून्याच्या वरच्या सगळ्या संख्या." आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी मी पुन्हा एकदा म्हटलं, अजून मोठ्याने. छान वाटलं.

परीक्षेचं सेंटर दिघ्याच्या बाजूच्या एका शाळेत आलं. दादांनी माझी शिफ्ट स्वतःच्या अंगावर घेतली. आपांनी दोन पेनं दिली आणि एवढंच म्हणाल्या, "घाबरलास तरी चालेल. घाबरून पळू नकोस." मी त्यांना कॉलेजचं काही कधी सांगितलं नव्हतं.

बाकावर बसलो. शेजारी एक रिक्षावाले काका होते, पुढे दोन मुली. पेपर हातात आला. पहिले दोन प्रश्न ओळखीचे. तिसरा होता: x वर्ग वजा नऊ, भागिले x वजा तीन, या फंक्शनचं डोमेन आणि रेंज काढा.

डोमेन एका दमात लिहिलं. x तीन झाला तर खाली शून्य, म्हणून तीन परत. बाकी सगळे आत. मग वरचे अवयव पाडले, वर-खालचे x वजा तीन काटले, उरलं x अधिक तीन. किती साधं! x अधिक तीन तर कितीही होऊ शकतं. रेंज: सर्व वास्तव संख्या. खाली रेघ मारली आणि पुढे गेलो.

पण पाचव्या प्रश्नात हात अडखळला. काहीतरी टोचत होतं. सील न तपासता बॉक्स सोडला की टोचतं तसं. मी पान मागे उलटलं.

तीनला मी गेटवर अडवला होता. नंतर मी कागद साफ केले, खालचं शून्य काटून टाकलं, आणि आता कागदावर तीनविरुद्ध काहीच दिसत नव्हतं. पण कागद नंतर साफ केले म्हणून गेटवरून परत गेलेला बॉक्स यार्डात येतो का? तीन आत आलेलाच नाही. आला असता तर कुठे बसला असता? तीन अधिक तीन, सहावर. मग सहावर आता कोण आहे? दुसरा कोणी येऊ शकतो का? x अधिक तीन बरोबर सहा, x तीनच. दुसरा कोणीही नाही.

सहाची जागा रिकामी.

मी घाबरट माणूस. पेनाने लिहिलेलं उत्तर, खाली रेघ मारलेलं, परीक्षेच्या पेपरात खोडायचं म्हणजे माझ्यासाठी चालत्या स्टॅकरखालून जाण्यासारखं. आपांनी असलं गणित कधी घातलं नव्हतं. बरोबर की चूक हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. मी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासायला गेलो आणि थांबलो. कारण मला माहीत होतं. कोणी सांगितलं म्हणून नाही, मलाच माहीत होतं.

मी खोडलं. लिहिलं: सहा सोडून सर्व वास्तव संख्या. आणि त्यानंतरचा पेपर मी असा सोडवला की वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी माझं पेन खाली होतं. एवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत आपांनी प्रश्नपत्रिका मागितली आणि तिसरा प्रश्न स्वतः सोडवायला घेतला. एका रद्द गेट पासच्या पाठीमागे आकडे मांडले, काटले आणि लिहिलं, सर्व वास्तव... तिथे त्यांचं पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं.

"तू काय लिहिलंस?"

"सहा सोडून."

त्यांनी स्वतःचं 'सर्व वास्तव' खोडलं. "हे मी तुला शिकवलं नव्हतं."

"नाही."

"मग?"

"तीनला गेटवर अडवलेला, आपा. मग त्याची जागा भरेल कशी?"

आपांनी कागदाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "तीस वर्षांनी," त्या म्हणाल्या, "कुणीतरी मला गणित शिकवलं." आणि मग नेहमीच्या आवाजात, "बघत काय बसलायस? जेवून घे, एक वाजून गेला."

निकाल लागला त्या दिवशी मला मोबाईलवर माझा नंबरही टाकता येईना, दोनदा चुकला. शेवटी आपांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकला. पान उघडलं. त्यांनी पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

गणित एकाहत्तर. उत्तीर्ण.

मी परत वाचलं. खाली माझंच नाव होतं.

दादा खिडकीत वाकले होते. "काय झाला? सांगा की!" आपांनी बोटाने दाखवलं. दादांनी एकदा डोळे बारीक करून बघितलं आणि कमरेचा वॉकीटॉकी तोंडाशी नेला. त्या चॅनेलवर बॉक्सचा नंबर आणि जागा यापलीकडे अवाक्षर बोलायचं नाही, असा त्यांचाच नियम. एकाने त्यावर क्रिकेटचा स्कोर विचारला म्हणून त्यांनी त्याला आठवडाभर झापलं होतं.

"सगले ऐका रं," दादा म्हणाले. "आपला चेकर बारावी पास झाला. गनितात येकात्तर. येकात्तर! वाजवा!"

मग पार टोकाच्या ब्लॉकमधून एका स्टॅकरचा हॉर्न आला. मग दुसऱ्याचा. मग गेटबाहेर रांगेत उभ्या ट्रेलरवाल्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनीही सुरू केलं. कानठळ्या बसत होत्या. त्या गोंधळात मी ऑफिसबाहेर येऊन घरी फोन लावला.

"आई, पास झालो," मी म्हटलं.

"काय?"

"पास झालो. बारावी."

"सांगून राहिला का विचारून राहिला बाबू?" आई म्हणाली. माझा आवाजच तसा येत असणार.

"सांगून राहिलो, आई," मी ओरडलो. "सांगून राहिलो!"

"मंग जोरात सांग नं! आणि हा भोंगा कायचा वाजून राहिला तिकडं?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

प्लॅनिंगचं दार उघडलं आणि मॅनेजर साहेब तणतणत बाहेर आले. "काय चाललंय? आग लागलीये का कुठे?"

"नाय साहेब," दादा म्हणाले. "ह्यो पास झालाय. बारावी. येकात्तर हायत गनितात."

साहेबांनी मला खालून वर पाहिलं. माझ्या हाताला खडू, बुटांना धूळ, डोळे पुसून लाल झालेले. हॉर्न अजून चालूच होते, त्यामुळे त्यांना ओरडावं लागलं.

"मग इथे उन्हात काय करतोयस? कागद घेऊन आत ये."

आपांनी तोवर प्रिंट काढून खिडकीतून पुढे केली होती. कागद गरम होता. तो हातात धरून मी आत गेलो.